भूगोलाच्या खोलीला पडदा

निकिताने फक्त एक पडदा मागितला होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक तिलाच विचारतात, "पण मॅडम, तुम्हाला एवढा पसारा मांडायची गरज काय होती?" पसारा तिने मांडला नव्हता. तिने एक अर्ज केला होता. तोही आठ ओळींचा, आणि त्यातल्या चार 'महोदय' ते 'आपली विश्वासू' या सभ्यतेतच खर्ची पडल्या होत्या.

कै. भगवंतराव कला महाविद्यालय आसेगावच्या रस्त्याला, तुरीच्या शेतांना खेटून उभं आहे. तिथे निकिता तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. तासिका तत्त्वावर म्हणजे काय, हे तिच्या सासूला, तुळसाबाईंना, लग्नाला चार वर्षं झाली तरी पटलेलं नाही. "तासावर त किरायाची सायकल भेटते," त्या म्हणतात. दरवर्षी नवी ऑर्डर निघाली तर निकिता प्राध्यापक, नाही निघाली तर सूनबाई. आणि यंदा प्राचार्यांनी दिवाळीनंतरच तंबी देऊन ठेवली होती, की भूगोलाच्या वर्गात पंधरापेक्षा कमी पोरं बसत असतील, तर एप्रिलच्या सभेत संस्था तो विषयच बंद करील.

पोरं कमी व्हायचं कारण भूगोल नव्हता. कारण होतं ऊन.

तास दुपारी दोनचा, खोली क्रमांक चार. फळा उत्तरेच्या भिंतीवर आणि पश्चिमेला ही भली मोठी काचेची खिडकी. निकिता फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढायची. कोकण दिसायचं, पुणं दिसायचं, अर्धा मराठवाडाही दिसायचा. तिथून पुढे उजव्या हाताला उन्हाचा पट्टा पडायचा आणि सगळा विदर्भ पांढराफटक.

"मॅडम, आपलं वाशीम कोठी आहे?" पहिल्या बाकावरची मंजू विचारायची. ती रोज एसटीने उभं राहून यायची आणि उभं राहून जायची, त्यामुळे बसलेल्या वेळात तिला सगळं समजून घ्यायचं असायचं.

"हे काय, इथे."

"इथं त ऊन आहे."

"हो, वाशीम उन्हात आहे."

"ते त घरी बी मालूम आहे, मॅडम!"

सगळा वर्ग हसायचा. निकिताही हसायची आणि हसता हसता रिकामी बाकं मोजायची. विदर्भ मागे आहे, विदर्भाकडे दुर्लक्ष होतं, असं लोक भाषणांतून म्हणतात. इथे तर तो दिसतच नव्हता. एकतिसाची चोवीस पोरं झाली, चोवीसची एकोणीस.

त्यात तिची अडीच वर्षांची संस्कृती. तुळसाबाई शेतात गेल्या की पोरीला कॉलेजात आणण्यावाचून इलाज नसे. वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजी, सतरंजीवर संस्कृती, तिच्या हातात पाटी. ऊन जसं सरकेल तशी निकिता एका हाताने नकाशा काढत दुसऱ्या हाताने सतरंजी ओढायची. प्रखर उजेडाने लहान मुलांच्या डोळ्यांवर परिणाम होतो, हे तिने मोबाइलवर तीन ठिकाणी वाचलं होतं. चौथ्या ठिकाणी 'घाबरण्याचं कारण नाही' असं लिहिलं होतं, पण अशी वाक्यं आईने वाचायची नसतात.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या ललिताबाई म्हणाल्या, "पोट्ट्यांले सांग, डोळ्यांत काजळ घालून या. आमच्या काळी शिकलो का नाई आमी?" ललिताबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि त्याही सकाळच्या शाळेत. तुळसाबाईंचा विचार जास्त व्यवहारी होता. "येवढं कडक ऊन येते म्हन्ते, त वायाले काहून घालवून राह्यली? मिरच्या ने दोन पायल्या. तुह्या तासाभरात वाळतीन." नवरा विकास कृषी केंद्रातून दमून आलेला. तो म्हणाला, "हो." कशाला हो, ते त्याने सांगितलं नाही.

म्हणून तो अर्ज. 'विषय : खोली क्रमांक चारच्या पश्चिमेकडील खिडकीस पडदा मिळणेबाबत.'

प्राचार्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढतात तेव्हा नकार यायचा असतो.

"मॅडम, पडदा? मुलामुलींच्या वर्गाला? समोर रस्ता आहे. लोक काय म्हणतील, आत काय चालू आहे?"

"भूगोल चालू आहे, सर."

"ते तुम्हाला माहीत. रस्त्यावरच्या माणसाला कसं कळणार?"

"पण सर, फळा दिसत नाही."

"हां!" प्राचार्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "फळा दिसत नाही. म्हणजे दोष कोणाचा? फळ्याचा. मग फळा बदलू. पडदा कशाला?"

डोकं दुखतंय म्हणून डोकंच बदलून देण्याचा हा प्रकार होता. पण निकिता तासिकेवाली. तिने "बरं सर" म्हटलं. तिच्या अर्जावर प्राचार्यांनी लाल शाईने शेरा मारला, 'फळा कालबाह्य. कार्यवाही व्हावी.' तो कागद हेडक्लार्क बडे बाबूंकडे गेला, बडे बाबूंकडून संस्थेकडे, संस्थेकडून आणखी कुठे. 'पडदा' हा शब्द वाटेत कुठे गळून पडला ते कोणालाच कळलं नाही. जानेवारीत खोक्यात बांधलेला, दारातून आडवाच आत यावा लागला असा पंचाहत्तर इंची स्मार्ट बोर्ड कॉलेजात दाखल झाला.

"घ्या मॅडम!" प्राचार्य म्हणाले. "तुमच्या अर्जाची किती तातडीने दखल घेतली पाहा."

बोर्ड बसवायला अकोल्याहून दोन तंत्रज्ञ आले. त्यांनी खोलीकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं नाही, निकिताकडे तर नाहीच नाही. त्यांनी फक्त विजेचा पॉइंट पाहिला. तो पूर्वेच्या भिंतीवर होता. त्यांनी बोर्ड पूर्वेच्या भिंतीवर ठोकला आणि जेवायला निघून गेले.

पूर्वेची भिंत म्हणजे पश्चिमेच्या खिडकीच्या बरोबर समोर. आधी ऊन निदान तिरपं यायचं. आता ते काचेच्या बोर्डावर थेट येऊन बसलं, जावई येऊन बसावा तसं. निकिताने चाचणी म्हणून भारताचा नकाशा लावला, तर काचेत खिडकी दिसली, खिडकीत रस्ता दिसला, आणि रस्त्यावरून चाललेल्या कोणाच्या तरी चार म्हशी गुजरातेतून शिरून ओडिशापर्यंत शांतपणे चालत गेल्या. संस्कृतीने टाळ्या वाजवल्या. पोरीला बोर्ड फार आवडला.

आता पोरांचं काय? बाकं तर उत्तरेकडे तोंड करून. फिरवावीत, तर ती जमिनीत सिमेंटने गाडलेली. त्याचंही कारण आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पाच वर्षांपूर्वी संस्थेचे अध्यक्ष दौलतराव यांच्या पुतणीचं लग्न झालं, तेव्हा पंगतीला म्हणून या खोलीची बाकं ट्रॅक्टरने जऊळक्याला गेली. गेली चाळीस, आली चौतीस, आणि त्यातल्या एकावर वरण अजून आहे. त्यानंतर निदान तीन लग्नं, दोन तेरव्या आणि एक नेत्रतपासणी शिबिर यांना बाकं पुरवून झाल्यावर प्राचार्य चिडले आणि त्यांनी सगळी बाकं गाडून टाकली. अध्यक्षांना 'नाही' म्हणण्यापेक्षा सिमेंट कालवणं सोपं होतं.

शिपाई सेवालालभाऊ पहार घेऊन आले. कॉलेजात कोणत्या गोष्टीचं पुढे काय होणार हे फक्त त्यांनाच आधी कळतं, पण त्यांना कोणी विचारत नाही.

"ताई, फिरवतो मी. पन गडबड होईन."

"कसली गडबड, भाऊ?"

"पाठीमागं पाहा न."

निकिताने पाहिलं. प्रत्येक बाकाच्या पाठीवर पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, 'कै. भगवंतराव यांच्या स्मरणार्थ'. दारातून आत आलं की चौतीस भगवंतराव एकदम दिसत. बाकं पूर्वेकडे फिरवली तर सगळे भगवंतराव खिडकीकडे जाणार होते.

तरी एक बाक उखडून झालं होतंच, तेवढ्यात स्वतः दौलतराव आले. या माणसाला कॉलेजात काही चांगलं चाललं असेल तर कळत नाही. पहारीचा आवाज मात्र त्यांना घरी बसून ऐकू येतो.

"काहून खोदून राह्यले हे? गुप्तधन भेटलं का?"

"अध्यक्षसाहेब, बाकं फक्त वळवायची आहेत. मुलांना बोर्ड दिसत नाही," निकिता म्हणाली.

दौलतराव बाकाभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. "म्हन्जे माह्या बापाचं नाव उन्हात? जिंदगीभर उन्हात राबला तो मानूस, मॅडम. मेल्यावर बी सावली नाई का त्याले?"

 सावली तर तीही मागत होती. एकोणीस पोरांच्या माना वाकड्या झाल्या तर चालतील, पण एका स्वर्गवासी माणसाचं नाव वळता कामा नये!  ती "बरं साहेब" म्हणाली. बाक परत जागेवर ठेवलं गेलं, सिमेंट मात्र संपलं होतं. त्या उघड्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा पाय गेला, आणि मुरगळलेल्या पायाने त्यांनी नोटीस काढली : 'खोली क्रमांक चारमध्ये कोणीही स्वतःच्या कल्पना राबवू नयेत.'

एवढ्यावर थांबलं असतं तरी तिने सोसलं असतं. पण मग निघालं उद्घाटन.

उद्घाटनाआधी बोर्ड वापरायचा नाही, असं ठरलं. त्याला प्लास्टिक गुंडाळलं, त्यावरून लाल रिबीन. खडूची धूळ बोर्डाला मारक असते, म्हणून जुना फळा भिंतीच्या रंगात रंगवून टाकला. निकिता खडूचा डबा हातात धरून खोलीच्या मधोमध उभी राहिली. नवा फळा गुंडाळलेला, जुना पुसलेला, ऊन जागच्या जागी.

"मग शिकवू कशावर, सर?"

"तोंडी शिकवा, मॅडम. आपल्याकडे ज्ञान तोंडीच आलेलं आहे."

गोदावरीचं खोरं तोंडी शिकवून पाहा म्हणावं एकदा! तिने जमिनीवर खडूने नकाशा काढला, तर संस्कृतीने त्यावर बसून सह्याद्री पुसला. तिने हवेत बोटाने नद्या काढल्या. मंजू वहीत भराभर उतरवून घ्यायची आणि मग हळूच विचारायची, "मॅडम, ही पैनगंगा होती का माशी हाकलली तुमी?"

उद्घाटनाची पहिली तारीख प्रमुख पाहुण्यांच्या घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, निघाल्यामुळे गेली. दुसरी गेली ती पोहरादेवीच्या यात्रेच्या नियोजनात. मार्च सरला. हजेरीपटावर अकरा पोरं उरली. निकिता रोज रात्रीची भांडी घासताना आकडे करायची : पंधरात चार कमी, सभेला तीन आठवडे. भाकरी करपली की तुळसाबाई म्हणत, "कोठी ध्यान आहे वो माय?" आणि मग स्वतःच तवा हातात घेत. एकदा मात्र तवा घेता घेता म्हणाल्या, "तुह्या जागी मी असती न, त लुगडं बांधून देल्लं असतं खिडकीले. इचारलं कायले कोनाले?"

निकिताला ते लागलं. खरंच, विचारलं कशाला? पण शिकलेल्या माणसाला अर्ज करायची खोड असते.

शेवटी रामनवमी झाली, यात्रा पांगली, आणि पाहुण्यांची तारीख मिळाली. वेळ सकाळी अकराची. फाटकावर फ्लेक्स लागला, हा एवढा मोठा. मधोमध टोपी घातलेले दौलतराव, परातीएवढे. भोवती सोळा चेहरे : पाहुणे, प्राचार्य, संचालक, बडे बाबू, बोर्ड विकणारा दुकानदार आणि ज्याचा कॉलेजशी काय संबंध तो कोणालाच सांगता आला नाही असा एक गॉगलवाला. निकिताने फ्लेक्स वरून खाली वाचला, मग खालून वर. खाली लिहिलं होतं, 'संकल्पना : मा. प्राचार्य'.

"तुमचा फोटो टाकणारच होतो, मॅडम," बडे बाबू म्हणाले, "पण तुम्ही तासिकेवाल्या. फ्लेक्स वर्षभर राहतो."

अकराचे पाहुणे पावणेतीनला आले. एप्रिलचं ऊन, पावणेतीनची वेळ. खोलीत माणसं चिक्कार, रिबीन कापली, टाळ्या झाल्या. निकिताने बटण दाबलं. बोर्ड सुरू झाला असावा, कारण 'टिंग' असा आवाज आला. दिसलं मात्र काहीच नाही. काचेत नुसता लखलखाट, आणि लखलखाटात स्वतः पाहुणे, हार घातलेले.

"वा!" पाहुणे म्हणाले. त्यांनी केसांवरून हात फिरवला. काचेतल्यानेही फिरवला. "लाइव्ह दिसून राह्यलं! भारी आहे."

कोणी हसेना. मंजूने ओढणी तोंडात कोंबली.

"आता नकाशा दाखवा," प्राचार्य घाईने म्हणाले.

"नकाशाच लावलाय, सर."

"कुठे?"

"तुमच्या समोर. उन्हात."

संस्कृतीचा बिस्किट चावण्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. दौलतरावांनी आधी बोर्डाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग डोळ्यांवर हात धरून प्राचार्यांकडे. आणि गरजले, "अरे, अक्कल आहे का नाई कोनाले? खिडकीले काहीतरी लावा न! येवढी साधी गोष्ट सुचली नाई कॉलेजात कोनाले?"

निकिता हे वाक्य मरेपर्यंत विसरणार नाही. तिची पर्समधली बोटं त्या अर्जाच्या नकलेवर गेली. घडी जीर्ण झाली होती. 'पडदा मिळणेबाबत.' काढावा आणि माइकवर वाचावा, असं तिला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की तिने संस्कृतीला कडेवर घेतलं. कडेवर पोर असलं की आई भांडत नाही.

सेवालालभाऊ मात्र केव्हाच फाटकाकडे गेले होते. ते फ्लेक्स ओढतच घेऊन आले, हातोडी आणि तोंडात खिळे. फ्लेक्स खिडकीपेक्षा मोठा. त्यांनी कडा मागे मुडपल्या. मुडपीत बडे बाबू गेले, दुकानदार गेला, गॉगलवाला गेला आणि प्राचार्यही गेले. पहिला खिळा त्यांनी चौकटीच्या मधल्या दांड्यावर ठोकला, तो बरोबर अध्यक्षांच्या कपाळात.

"अबे ओ सेवालाल! माह्या टकुऱ्यात?"

"चुकलं साहेब." खिळा उपटला, कोपऱ्यांवर ठोकला.

"आन तोंडं आतल्या बाजूनं कर. बाहेर उन्हात कायले उभं करतं मले?"

तोंडं आत झाली. खोलीत मंद, थंड, शेवाळी उजेड पसरला. आणि पूर्वेच्या भिंतीवर पहिल्यांदा महाराष्ट्र उगवला. कोकणापासून गोंदियापर्यंत, सगळ्या नद्यांसकट. मागून कोणीतरी "आईऽऽ" म्हणालं. मंजू उठून उभी राहिली. "मॅडम, ते पाहा, वाशीम!" गावाहून आपलं कोणी आलं असावं तसं ती म्हणाली.

फ्लेक्स खिडकीवरच राहिला. तो काढणार कोण? ज्यावर अध्यक्षांचा चेहरा आहे ती वस्तू उतरवायची हिंमत प्राचार्यांत नव्हती. निकिताने एकदा अगदी निरागसपणे विचारलं, "सर, पण रस्त्यावरचे लोक काय म्हणतील?" ते खोकले आणि म्हणाले, "आत अध्यक्षसाहेब स्वतः लक्ष ठेवून आहेत. आता काय म्हणणार?"

पोरं परत आली. आधी मंजूच्या एसटीतल्या तिघी, मग त्यांच्या मागून बाकीचे. अख्ख्या कॉलेजात एवढी गार खोली दुसरी नव्हती, हेही खरं; इतिहासाची दोन पोरंही येऊन बसू लागली आणि त्यांना पैनगंगा आवडली. बाकांवर एका अंगाने, पाय वाटेत सोडून बसायला सगळे शिकले. सभेच्या दिवशी हजेरी एकोणतीस होती. भूगोल राहिला. ठरावात लिहिलं, 'मा. प्राचार्यांच्या अभिनव प्रकाश-नियोजनामुळे.' ते निकिताने वाचलं, आणि नव्या ऑर्डरसाठी सही केली तेव्हा पेनची निब कागदातून आरपार गेली.

त्याच दुपारी तास सुरू असताना बोर्डावर एक ठिपका आला. बारीक, पांढरा, डोळ्यांत घुसणारा. फ्लेक्स सैल पडला होता आणि दौलतरावांच्या कपाळातलं खिळ्याचं भोक दांड्यावरून सरकून काचेवर आलं होतं. त्यातून आलेला एकच किरण सगळा महाराष्ट्र सोडून नेमका एका ठिकाणी येऊन टेकला.

"मॅडम," मंजू म्हणाली, "वाशीम परत उन्हात."

निकिताच्या डोक्यात सवयीने मजकूर सुरू झाला. महोदय, विषय : छिद्र बुजवणेबाबत. आणि मग तिला त्या अर्जाच्या उत्तरादाखल काय काय येऊ शकेल ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं : समिती, ट्रॅक्टर, तंत्रज्ञ, नवी खिडकी, कदाचित नवा जिल्हा. तिला तुळसाबाईंचं वाक्य आठवलं.

तिने कपाळाची मरून टिकली काढली. संस्कृतीला मंजूच्या मांडीवर दिलं, कै. भगवंतरावांच्या बाकावर चढली, आणि अध्यक्षांच्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, टिकली अंगठ्याने घट्ट दाबून लावली.

किरण विझला. वर्गाने अध्यक्षांकडे पाहिलं. मागून ऊन असल्यामुळे ते फार प्रसन्न दिसत होते.

"शोभून राह्यली त्याइले," मंजू म्हणाली.

निकिता खाली उतरली, हात झटकले आणि बोर्डाकडे वळली.

"हं. तर हे वाशीम."